राजी

चाळीस तासांतला हा एकविसावा.
कोर्टामागच्या खोलीत मला चिठ्ठी आली:
नवरा, वय चौतीस, फरशी बसवतो.
समोर हुक्केरीचे वकील बसगौडा, मिशीसकट,
माझी बायको.

हसू दाबत सुरू केलं आम्ही.
मग मी म्हणाले, "काय ते माहेरी जाऊन सांग, इथं आवाज नको,"
आणि खोली गप्प झाली.
आवाज माझा नव्हताच,
अप्पांचा होता, कडोलीतल्या ताटावरून उठलेला.
बसगौडांनी नसलेला पदर सावरला.

किणेकरबाई फळ्याजवळून एवढंच म्हणाल्या,
मध्यस्थानं पाणी पुढं करायचं. उत्तर नाही.
मी लिहून घेतलं. दोनदा.

चहाला कानडी फॉर्म चाळला. वर ठळक: राजी.
"म्हणजे मिटलं," बसगौडा म्हणाले.
आमच्यात राजी म्हणजे
मन आहे का, ते.
शब्द एकच. तिकडं तो सहीनंतर येतो,
इकडं आधी विचारावा लागतो.
अप्पांनी आईला विचारला नव्हता.

सहाच्या बसमध्ये शेजारचं जोडपं
सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं,
ती मराठीत, तो कानडीत,
हिशेब मात्र दोघांचा बरोबर.
मी बाहेर बघत राहिले.
पाण्याची बाटली तेवढी
टोपण काढून मांडीवर धरली.