नमुना क्रमांक एकशे सात

रबाळ्याच्या एमआयडीसीत त्या वर्षी मी
बेचाळीस कारखान्यांची दारं वाजवली.
गेटवरच्या वहीत कारण लिहायची : संशोधन.
एका वॉचमनने ते अक्षर अक्षर लावून वाचलं
आणि विचारलं, "काय हरवलंय?"

विषय : लघुउद्योगांतील गुणवत्ता व्यवस्थापनाच्या पद्धती.
अठ्ठावीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन,
पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत.
मालक चहा पाजायचे आणि पाचावर खुणा करायचे
सरसकट, वरून खाली, भिंत रंगवावी तशा.
मागे फ्रेममध्ये गुणवत्ता धोरण, इंग्रजीत,
त्यावर गेल्या दसऱ्याचा हार.

त्या वॉचमनचा कारखाना ग्राइंडिंग व्हीलचा.
पारसिकच्या पोटाशी शेड;
डोंगराची धूळ कुठली, चाकांची कुठली,
पत्र्याला आता आठवत नव्हतं.
शेवटच्या टेबलाशी कुंदा मढवी,
राहणार तळवली, नोकरी सव्वीस वर्षं.
चाक खुंटीला टांगायचं,
स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचं
एकीकडे, मग दुसरीकडे,
आणि मान तिरकी करून थांबायचं.
खणखणीत वाजलं तर उजवीकडे.
बद्द वाजलं तर लाल पेटीत.
आणि मधलंच काही ऐकू आलं
तर ती पंखा बंद करायला सांगायची.

(आमची आई माठ घेताना अशीच टिचकी मारायची
आणि कुंभाराशी भांडायची.
संदर्भसूचीत हे कुठे लिहावं
मला कळलेलं नाही.)

"चीर दिसत नाय मॅडम, ऐकू येते.
मिन्टाला अडीच हजार फेरे हायेत याला.
चिरलेलं सुटलं तं मग ते चाक नाय,
गोफणीतला धोंडा."
भुवईतल्या पांढऱ्या रेघेवर
तिचं बोट जाऊन आलं,
टिकली जागेवर आहे ना पाहावं, तसं.

सतरावं विधान मी वाचून दाखवलं :
दोष आढळल्यास कामगार माल रोखू शकतो.
मागे सुपरवायझर देवरुखकर फोनवर,
"आजच. हो साहेब, ट्रक आजच."
तिने पेन घेतलं. थांबली,
चाकापुढे थांबायची तेवढीच.
मग दोन नंबरवर खूण केली. मग चारवरही.

"एकावरच करायची असते," मी म्हटलं.
"म्हयन्याच्या सुरवातीला चार," ती म्हणाली,
"एकतीस तारखेला दोन.
तीन कवाच नाय."

ऐरोलीला, रात्री साडेअकराला,
एकशे सातव्या फॉर्मपाशी सॉफ्टवेअर अडलं.
एका घरात दोन आकडे त्याला चालेनात.
गाइड फोनवर जांभई देत म्हणाले,
"सरासरी घ्या ना, तीन टाका.
एकशे ऐंशीत एकाने काय होतंय?"
विश्वासार्हता शून्य पूर्णांक सत्याऐंशी आली होती.
ते खूश होते.
मीही होते, खोटं कशाला बोलू.

तीन टाकला.

प्रबंध काळ्या कापडात बांधून आला,
कडेला सोनेरी अक्षरात माझं नाव.
मौखिकीत सतराव्याबद्दल कुणी विचारलं नाही.
पेढे वाटून झाले, पगारात फरक पडला,
आणि एका शनिवारी मी ती प्रत घेऊन रबाळ्याला गेले.
का, ते रिक्षातही ठरवता आलं नाही.

वॉचमन तोच. वही पुढे केली.
कारणाच्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही,
त्यानेही हट्ट धरला नाही.
"मढवीबाई हायत आत. आज एकतीस ना,
सुटायला उशीर व्हईल. बसा."

गेटजवळच्या बाकावर बसले, प्रत मांडीवर.
बाहेर ट्रक, इंजिन चालू.
आतून आवाज येत होता :
खण. खण.
खण. खण.
खण.

मग काहीच नाही.
ट्रकवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला.
आत कुणीतरी पंखा बंद केला असणार.