डब्याचं वजन वजा

पूर ओसरून अकरा दिवस झाले तेव्हा
दुकानातला गाळ उपसून कंबर धरली होती,
म्हणून हरिपूरच्या वाटेनं जरा चालत गेलो.
काठच्या बाभळींना
पाणी चढलं होतं त्या उंचीवर, एका रेषेत,
पिशव्या लटकल्या होत्या,
खताच्या, साड्यांच्या, दुधाच्या,
कुठल्या कुठल्या गावच्या.

एक माझी.
'तवनाप्पा चौगुले, किराणा व भुसार',
खाली फोन नंबर, त्याखाली
'पुन्हा अवश्य या'.

आली होती.

दहा हजार छापल्या होत्या त्या साली,
कुपवाडच्या कारखान्यातनं, किलोवर.
बाकीच्या कुठं गेल्या
ते नदीनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

घरी येऊन सुगंधाला सांगितलं.
ती भिजल्या गव्हातनं कोंब आलेले वेगळे करत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मग बिननावाच्या छापायच्या होत्या."

पिशवी बंद केली.
सांगायला एक ओळ लागते.
पहिल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या
दुकानाची भरभराट झाली.
"साखर काय पदरात न्यू व्हय?"
म्हणत सोनाबाई गेली
ती दिवाळीच्या रव्यालाच परत आली.
इलाही टेलरकडनं जुन्या साड्यांच्या
शंभर पिशव्या शिवून घेतल्या, उसन्या द्यायला.
बहात्तर परत आल्या नाहीत.
एक परवा मिरजेच्या स्टँडवर दिसली,
अंजिरी काठाची,
कुणाच्या तरी खांद्याला, वर मेथी डोकावत होती.
मी ओळख दाखवली नाही.

मग हळूहळू डबे यायला लागले.
पितळी, ॲल्युमिनियमचे, टोपण हरवलेले,
तेलाला फौजी सासऱ्याच्या कँटीनची चौकोनी बाटली,
एका पोराच्या हातात नुसता तांब्या, पोह्यांना.
आधी रिकामा डबा काट्यावर,
आकडा शून्य,
मग शेंगदाणे.
नव्या काट्याला त्यासाठी बटणच असतं.
इतकी वर्षं त्याच्यावर
हळदीची पिवळी साय बसली होती,
बोट लागलं नव्हतं.

आता ते दाबताना वाटतं
असलं एक बटण घरात असावं, मंगल कार्यालयात असावं.
जेवणावळीतनं थर्माकोलच्या वाट्या वजा,
चहातनं कागदी कप वजा,
सुनेनं मागवलेल्या दोन क्लिपांतनं
तो केवढा खोका आणि फुग्यांची चादर वजा,
आणि मग बघावं, घेतलं किती.

माझ्याच दारात मात्र
शांपूच्या पुड्यांच्या माळा अजून आहेत.
कात्री घेऊन दोनदा उभा राहिलो.
पण शनिवारी भट्टीवरनं सुटून येणाऱ्या बाईला,
मुठीत दोन रुपये घेऊन आलेल्या तिला,
'बाटली घे' म्हणायला जीभ उचलत नाही.
हे मला सुटलेलं नाही.
उधारीच्या वहीत शेवटच्या पानावर
स्वतःच्या नावानं मांडून ठेवलंय.

मागच्या उन्हाळ्यात आकडी बांधून बांबू घेतला
आणि बाभळीपाशी गेलो.
पिशवी होती. विटून दुधी झालेली,
काट्यांनी चाळण केलेली, पण होती.
ओढली तर अर्धीच हाताला आली,
'पुन्हा अवश्य या'वाली.
ती घडी घालून खिशात ठेवली.
वरची अर्धी, नावाची,
फांदीला गुंडाळून घट्ट बसलीय.

श्रावणात पाणी चढायला लागलं की
सगळी सांगली आयर्विनचा आकडा विचारते.
मीही विचारतो.
पण दुकान सुगंधावर सोडून
आधी हरिपूरच्या वाटेला जाऊन येतो,
पाण्यात आणि माझ्या नावात
किती अंतर उरलंय ते बघायला.