मुरमातली पाल

सिन्नरच्या अलीकडे, माळेगाव सोडलं की
खडी-क्रशरच्या मागचा माळ.
रात्रीचे साडेनऊ. दगड अजून कोमट,
चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखे.

वॉचमन सांगळे बॅटरी खाली धरतो,
"तिकडं, कुसळाच्या बुडाशी."
मला नुसता मुरूम दिसतो.
मग मुरमातला एक खडा श्वास घेतो.

बोटभर. त्यातली निम्मी शेपूट,
तीही मागं टाकून पळायच्या तयारीतली.
पापण्या नाहीत. डोळ्यावर धूळ बसली
की जिभेनं पुसते,
आधी डावा, मग सावकाश उजवा.

भिंत धरायला बोटांना गाद्या नाहीत हिच्या,
नुसती नखं.
घरातली पाल खांद्यावर पडली
की आम्ही पंचांग उघडतो, अंघोळी करतो.
ही कुठून पडणार?
चढलीच नाही कधी.
चुकचुकतही नाही.
शंका घ्यायला आम्ही आहोत.

वाळवी खाते. पहाटे
स्वतःच्याच अंगावरचं दव चाटते.
चैत्रात एका दगडाखाली दोन अंडी,
हरभऱ्याएवढी.
परत बघायला येत नाही.

तो दगड सांगळेला ठाऊक आहे.
परवा पोकलेन हा कोपरा घेणार होता.
"सायबाला म्हणलो, हितं नाग हाये.
पाल म्हणलो असतो
तर हसला असता."

हे सांगताना तो आवाज खाली आणतो,
जणू तिच्या कानावर जायला नको.

मग बॅटरी विझवतो.
आता तिला
आम्ही नीट दिसत असू.