कोंदण

दिवसभर जळगावच्या सराफ बाजारात
मी पोवळी बसवतो, मंगळवाल्यांच्या अंगठ्यांत.
एकदा कड दाबली की खडा हलत नाही.

घरच्या टाकीतही तसंच केलं होतं:
हा खडक, ही फट, हे अ‍ॅनिमोनचं घर,
शेजारी हॅमर कोरल, अगदी मापात.

रात्री अ‍ॅनिमोन उठून चाललं.

सकाळी मामी चहाचा कप धरून टाकीसमोर,
“हाई फूल चालस का रे भाऊ?”
चालतं, मामी. एका पायावर.
आणि वाटेत लागेल त्याला पोळतं.
हॅमरची तीन डोकी
सोललेल्या लसणासारखी पांढरी.

कुणाला बोलणार?
त्याला उजेड कमी पडला असेल,
किंवा पाण्याची ओढ आवडली नसेल.
पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला.
उरलेलं हॅमर दुसऱ्या टोकाला नेलं, मध्ये
दीड वीत नुसती वाळू.
येणारा प्रत्येक जण विचारतो,
इथे काय बसवणार?
हात शिवशिवतात, खोटं कशाला सांगू.

दुपारी बाहेर शेहेचाळीस, आणि वीज गेली.
पाणी तापायच्या आत चित्रलेखाने
गोठवलेल्या बाटल्या आणल्या,
झाकणं पुन्हा पिळून पाहिली,
एकेक सोडली, कुणाला धक्का न लावता.
अ‍ॅनिमोन मिटलेलं. जागा कालचीच.
आजपुरती.

संध्याकाळी दुकानात एक पोवळं चिमट्यात धरलं,
भिंगाखाली बारीक रेघा.
यालाही तोंडं होती.
गिऱ्हाईक म्हणालं, घट्ट बसवा हो, पडायला नको.
बसवलं.