साक्ष, शंभर शब्दांत

मंडळीला पन्नास वर्षं होतायत. स्मरणिका निघणार.
पाळकसाहेब म्हणाले, बाबांची साक्ष हवी, शंभर शब्दांत.
सुवार्ताबाई, तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हीच लिहा.

म्हणून वही घेऊन बसले.
बाबा खाटेवर, पाय उन्हात,
डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगानं नेलेली,
उरलेल्या तिनांत चहाची बशी.

लिव्ह, म्हणाले.
भोयर मालकाची विहीर, दारव्ह्याच्या अलीकडं.
चाळीस हात खाली होतो म्या.
मुरूम सरला, काया दगड लागला,
पहार मारली का ठिनगी.
वर आभाय परातीएवढं.
तं कोनी हाक देल्ली, शमुवेल.

दोर धरून वर गेलो. यारीवर लहानू.
म्हटलं, काय रे?
म्या नाई बलावलं, म्हने, ऊन लागलं तुले.

पुन्हा उतरलो. पुन्हा हाक. पुन्हा वर.
लहानूनं शिवी हासडली.
(ही शिवी लिवू नोको.)

तिसऱ्या बारीले वर गेलो नाई.
मायनं हे नाव काहून ठेवलं, ते मले ठाऊक होतं.
अशा वक्ती काय म्हनाव, तेही.
पहार भितीले टेकवली.
पायात वाहना नव्हत्याच.
म्हटलं, बोल.

इथं बाबा थांबतात. दर वेळी इथंच.
लहानपणापासून मी विचारते, मग?

मंग काई नाई.
कोनी बोललं नाई.
पन कोनी नव्हतं, असं नाई, माय.
मी म्हनलो बोल,
अन् मले वाटलं, तेही तेच म्हनून रायलं.

मग तुम्ही बोललात?
बोललो.
काय?
बशीतला चहा संपवला त्यांनी.

रात्री पाळकसाहेबांचा फोन.
छान आहे. पण पाणी कधी लागलं?
नाही लागलं. पन्नास हातांवर मालकानं काम थांबवलं,
अर्धी मजुरी बुडाली.
हे नको, बाई. वाचणाऱ्याचा विश्वास वाढला पाहिजे.
दुसऱ्या दिवशी झरा फुटला,
एवढं एकच वाक्य.

मी लिहिलं ते वाक्य. अक्षरही चांगलं आलं.
बाबांना वाचून दाखवलं.
रागावले नाहीत. हसले थोडेसे,
जसे परक्या लेकराच्या खोट्यावर हसतात.
पानी लागलं असतं, म्हणाले,
तं म्याही पानीच पाह्यलं असतं.

खोडलं. मोजले, अठ्ठ्याण्णव शब्द.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले तिकडं.
काठावर तुऱ्हाट्या रचलेल्या,
आत कबुतरं, अर्ध्यावर दगडातून निघालेलं पिंपळाचं रोप,
तळाशी कोरडा अंधार.
हाक मारावी असं मनात होतं. तोंडही उघडलं.

मग नाही मारली.
नुसती उभी राहिले, ओणवी,
पदर एका हातानं धरून.

पाचची एसटी फाट्यावर थांबली, निघून गेली.
हॉर्न ऐकला मी.