दोन्ही टोकांच्या मुंग्या

फ्लेक्सचा दर बारा रुपये फूट, डिझाइनचे वेगळे.
सभापतीचा पुतण्या भूषण ढोके
गाडी बंद न करताच म्हणाला,
"दहा बाय आठ. सकाळी स्टँडवर पाहिजे."
आणि काउंटरवर ठेवलं पेपरचं कात्रण,
बोटभर.

मी ते मोठं केलं:
या गावाची पाणी मागायची लायकीच नाही.
खाली सरला कोडापे, वार्ताहर,
आणि तिचा फोटो, कुठल्या तरी सत्कारातून कापलेला,
खांद्यावर अर्धी शाल.
वाक्याच्या दोन्ही टोकांना
बारक्या काळ्या मुंग्या होत्या, जोडी जोडीनं.
भूषण म्हणाला, "हा कचरा काढ बे."
काढला.
माझ्या कीबोर्डवर डिलीटचं बटण
सगळ्यात गुळगुळीत आहे.

दुपारपर्यंत तिच्या स्कूटीची सीट कोणी ब्लेडनं फाडली.
हापशीवरच्या बाया म्हणाल्या,
"काहून वं सरले, आमचीच लायकी काढली?"
ती म्हणे, पुरी बातमी वाचा.
पण पुरी बातमी होती कुणाजवळ?
सोमवारचा पेपर गुरुवारी
भज्यांचा असतो.

मला ती सापडली आमच्याच गच्चीवर.
बायकोनं तिच्यावर मुगवड्या घातल्या होत्या.
एकेक वडी उचलत गेलो
तसतसं वाक्य पुढं सरकत गेलं:
"...लायकीच नाही, असे उपअभियंता म्हणाले.
त्या वेळी गावाचा अर्ज
त्यांच्या चहाच्या कपाखाली होता."
एक शब्द वडीला चिकटून गेला.
तो अजून मला माहीत नाही.

रात्री तिच्याकडे गेलो.
आधीच दोघं बसले होते, सभापतीच्या विरोधातले,
मोर्चाचा खर्च आमचा म्हणत.
ती त्यांना सांगत होती,
"तुमच्या टँकरच्या बिलाची बातमी रविवारी येते.
बसा, चहा टाकते."
ते बसले नाहीत.

मी म्हटलं, ताई, तुमच्या बाजूनं फ्लेक्स लावतो. फुकट.
"तुझ्या दुकानाच्या आकड्याची बातमी मीच दिली होती. विसरला?"
विसरतो कसा? सतरा हजार दंड.
"मंग काहून आला?"
खरी होती म्हणून, मी म्हटलं,
आणि तेव्हाच मलाही ते कळलं.
"मग बाजू नको घेऊ, भाऊ. वाक्य पुरं कर.
तेवढंच पुरे."

ग्रामसभेत ठराव होता, तिला गावबंदीचा.
मी उभा राहिलो. कागदावर मुगाचे डाग,
हात माझाच की दुसऱ्याचा कळेना.
वाचलं पहिल्या मुंगीपासून शेवटच्या मुंगीपर्यंत.
मागून कोणी ओरडलं, "कोनाचा मानूस हाय बे तू?"
मी म्हटलं, तो फ्लेक्स मी छापला.

ठराव पुढच्या सभेवर गेला. रद्द नाही, पुढे.
भूषणचे नऊशे साठ बुडाले.
हापशी तशीच, शंभर दांडे मारले की एक गुंड.

मंगळवारी बातमी आली.
फ्लेक्स व्यावसायिकाची कबुली, असा मथळा.
माझं नाव, बापाचं नाव, आडनावाची वेलांटीही बरोबर.
जरा मऊ लिहील वाटलं होतं.
नाही लिहिलं.
"मी घाबरलो होतो आणि धंदाही पाहिजे होता,"
माझं वाक्य, पुरं, आणिच्या पुढचंही.

दोन्ही टोकं मी बोटानं तपासली.
मुंग्या होत्या.