रस्त्यापासून तिसरं झाड

अंधाराला डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात.
तोवर कुणी बोलायचं नाही, मोबाइल खिशात,
असा म्युयेस्सेर होजांचा दंडक.
आयदिनच्या विद्यापीठाचं तळघर,
एका बशीभोवती आम्ही पाच जण.
वर ऑगस्ट. अंजिरं झाडावरच सुकून गळताहेत.

मग दिसतो.
हिरवट, जेमतेम,
राख धरलेल्या निखाऱ्याहून मंद,
मेलेल्या मेणअळीच्या अंगातून येणारा उजेड.
"अळीचा नव्हे," होजा म्हणतात,
"भाडेकरूच्या भाडेकरूचा."

सूत्रकृमी आत शिरला तेव्हा
पापणीच्या केसाहून बारीक होता,
तोंड मिटलेलं, उपाशी,
आतड्यात शिदोरी बांधावी तसे मूठभर जिवाणू.
ती शिदोरी तो खात नाही. ओकतो.
दोन दिवसांत अळी विटेसारखी लाल,
पण कुजत नाही, घाण वास नाही;
जिवाणू दुसऱ्या कुणाला उंबऱ्यात फिरकू देत नाहीत.
मग पंगत. दोन-तीन पिढ्यांची.
शेवटी कातडी फाटते आणि हजारो बाहेर पडतात,
ज्याच्या त्याच्या पोटात तेच गाठोडं.

होजांच्या वडिलांच्या मधाच्या पेट्या होत्या
मुगलाच्या पाइन-जंगलात.
एका उन्हाळ्यात मेणअळीनं चाळीस पेट्यांची जाळी केली.
वडिलांनी पोळी पेटवली आणि धुरात उभं राहून
ज्या शिव्या दिल्या
त्या होजा अजूनही आम्हाला सांगत नाहीत.
आता त्याच अळ्या त्या बरण्यांत पोसतात,
कोंडा, ग्लिसरीन, आणि मध मात्र अस्सल.
"पाकावर नीट धरत नाहीत," म्हणतात,
आणि बिल स्वतःच्या पगारातून देतात.

मी जिवाणू एकटेच वाढवले होते,
बशीतून बशीत, सात महिने.
आधी लाल गेलं.
मग उजेड.
वाढत होते भराभर, तक्रार काहीच नाही,
फक्त त्यांच्यावर सोडलेले कृमी खुरटले.
वहीत मी लिहिलं: जिवाणू बिघडले.
होजांनी ते पेन्सिलीनं खोडलं.
बाजूला, बारीक अक्षरात:
बिघडले नाहीत. घरी कुणी येणार नव्हतं.
खाली आणखी काही होतं,
ते मात्र त्यांनीच रबरानं पुसलेलं.

कुणीतरी बटण दाबतं. ट्यूब फडफडते.
आम्ही डोळे चोळतो.
बशीत नुसती एक लाल, मऊ अळी,
झाकणावर तारीख, आणि माती कुठली ते:
जर्मेनजिक. रस्त्यापासून तिसरं झाड.